चंदीगड खुर्ची दर वर्षी पुन्हा डुगडुगते? आधी गोंदाची बाटली खाली ठेवा

ती उलट्या व्ही पायांची, वेताची सीट असलेली सागवानी खुर्ची घरात आहे आणि तिचा हलणारा सांधा दोनपेक्षा जास्त वेळा चिकटवून झालाय, अशा लोकांसाठी हे लिहितेय. मी पाच वेळा दुरुस्त केला. पाचही वेळा वाटलं की आता झालं एकदाचं, आणि पाचही वेळा पुढच्या उन्हाळ्यात जेवताना कोणीतरी मागे रेलून बसलं की तोच कर्रर्र आवाज.

लक्षणं अशी. पावसाळ्यात खुर्ची एकदम घट्ट, गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं असतं तरी एकही तक्रार नाही. दिवाळीनंतर बारीक करकर सुरू. फेब्रुवारी-मार्चपर्यंत झोपाळा. मग आपण वैतागून काहीतरी करतो, तोवर मे संपतो, जूनमध्ये हवा दमट होते, खुर्ची आपोआप घट्ट होते आणि आपल्याला वाटतं आपण केलेल्या उपायाचा गुण आला. हा सगळ्यात मोठा चकवा आहे, मी त्यात पाच वर्षं फिरले.

आता ही खुर्ची कुठली ते थोडक्यात, कारण त्याचा दुरुस्तीशी संबंध आहे. चंदीगड शहर बांधताना, त्याची आखणी करणारे आर्किटेक्ट ल कॉर्बुझिए यांचे चुलतभाऊ आणि स्वतःही आर्किटेक्ट असलेले पिएर जानरे 1951 ला तिथे आले आणि 1965 पर्यंत राहिले. सरकारी कचेऱ्या, कॉलेजं, वसतिगृहं, क्वार्टर्स, सगळ्यासाठी फर्निचर लागणार होतं, ते त्यांनी आणि त्यांच्याबरोबरच्या आर्किटेक्ट लोकांनी (युली चौधरी त्यातल्याच) डिझाइन केलं. साग आणि वेत, कारण दोन्ही इथे मिळतं आणि दोन्हींवर काम करणारे हात इथे होते. एका कारखान्यातून हे फर्निचर निघालेलं नाही, वेगवेगळ्या वर्कशॉप्सनी ड्रॉइंग बघून बनवलं, त्यामुळे दोन खुर्च्या मापाने तंतोतंत सारख्या मिळणं अवघड. पुढे कचेऱ्यांनी ती भंगारात काढली, गच्चीवर ढीग लागले, आणि मग परदेशातल्या लिलावांत त्याच खुर्च्यांना डोळे पांढरे होतील अशा किमती यायला लागल्या. जानरे 1967 ला गेले, त्यांची राख सुखना तलावात सोडलीये. हे सगळं माहीत असून आमच्या घरी त्या खुर्चीवर ओला टॉवेल वाळत घालतात ते सोडा.

आमच्याकडच्या सहा खुर्च्या अस्सल नाहीत, आधीच सांगते. सासरे सरकारी खात्यात ड्राफ्ट्समन होते, ट्रेनिंगला चंदीगडला गेले होते, तिथे महिनाभर ज्या खुर्चीवर बसले तिचं त्यांनी टेपने माप घेतलं आणि परत आल्यावर ओळखीच्या सुतारकाकांकडून सहा बनवून घेतल्या. ड्रॉइंग अजून आहे, पिवळं पडलेलं, कोपऱ्यात त्यांच्या सुबक अक्षरात लिहिलंय "कूस पाऊण इंच" (कूस म्हणजे एका लाकडाच्या टोकाची जीभ, जी दुसऱ्या लाकडातल्या खाचेत शिरते). बिचाऱ्यांनी सगळं बरोबर उतरवलं, एकच गोष्ट राहिली, त्यावर येतेच.

पाच वेळा काय काय केलं त्याची यादी देते म्हणजे तुमचे तेवढे प्रयोग वाचतील. पहिल्यांदा सांध्याच्या फटीत इंजेक्शनच्या सिरिंजने पांढरा गोंद भरला. दुसऱ्यांदा सुतार बोलावला, त्याने बाहेरून स्क्रू मारून वर लांबी (भोकं बुजवायचा लगदा) भरली. तिसऱ्यांदा आतून लोखंडी एल-पट्टी. चौथ्यांदा ते झटपट चिकटणारं ट्यूबमधलं केमिकल, त्याने खुर्चीपेक्षा माझी बोटं जास्त चांगली चिकटली. पाचव्यांदा फटीत पाचर ठोकली. पाचर सगळ्यात वाईट, कारण त्याने खाचेची भिंत चिरली आणि मग तिथून पुढे सगळंच काम वाढलं. स्क्रूने वेगळाच घोळ केला, लाकूड फुगायला-आकसायला बघतंय आणि स्क्रू त्याला एका जागी धरून ठेवतोय, दोन वर्षांत स्क्रूपासून निघालेली केसासारखी चीर आणि भोवती काळा डाग. सागात लोखंड आणि ओल एकत्र आली की हा डाग येतोच, घासून जात नाही.

बरं, आधी नक्की काय हलतंय ते शोधा. खुर्ची डुगडुगते म्हणजे सांधाच ढिला असं नाही. खुर्ची आहे तिथल्या तिथे पाव फेरी वळवा. डुगडुगायचं थांबलं किंवा दुसऱ्याच पायावर गेलं तर फरशी वरखाली आहे, खुर्ची निर्दोष. सगळीकडे तोच पाय उचलला जात असेल तर पाय आखूड किंवा फ्रेम पिळलेली. आणि चारही पाय टेकलेले असून वरचं अंग हलतंय तर सांधा. सांधा कुठला, यासाठी माझी आवडती युक्ती: टोकदार पेन्सिल घ्या आणि प्रत्येक सांध्यावरून, दोन्ही लाकडांवरून जाईल अशी एक बारीक सरळ रेघ मारा. मग घरातल्या सगळ्यात वजनदार माणसाला बसवा, मागे रेलायला सांगा आणि तुम्ही जमिनीवर आडवं पडून टॉर्च लावून रेघा बघा. जिथे रेघ तुटते तो सांधा गेलेला. आवाजावर जाऊ नका, लाकडात आवाज एकीकडून दुसरीकडे जातो, मी एक अख्खा रविवार चुकीचा सांधा उघडण्यात घालवलाय.

आमच्याकडे चार खुर्च्यांत रेघ तुटली ती एकाच ठिकाणी. दोन तिरक्या पायांना सीटच्या उंचीवर जोडणारी जी बाजूची आडवी पट्टी असते, ती पायात जिथे शिरते तिथे. आणि तुटली कशी तर रेघेचे दोन तुकडे वरखाली नाही झाले, लांब गेले. म्हणजे पट्टी पायातून बाहेर ओढली जात होती. हे बघितल्यावर माझी ट्यूब पेटली, पण पूर्ण पेटायला अजून एक गोष्ट लागली.

सहापैकी दोन खुर्च्या कधीच ढिल्या झाल्या नव्हत्या. मी समजत होते त्या कमी वापरातल्या. पण त्यातली एक तर नवऱ्याच्या कामाच्या टेबलाशी, वर्क फ्रॉम होम सुरू झाल्यापासून रोज आठ-नऊ तास माणूस तिच्यावर, आणि तो काही हलका नाही. मग फरक काय? सासूबाईंनीच सांगितलं, त्या सहज म्हणाल्या, "अगं त्या दोन सतरंजीवर आहेत ना, तिथे पोछा मारत नाहीत." झालं.

आता नीट बघा. ही खुर्ची बाजूने बघितली तर रंगाऱ्याच्या घोड्यासारखी आहे, वर जुळलेले दोन तिरके पाय. रंगाऱ्याच्या घोड्याला मधे दोरी का बांधतात? पाय फाकू नयेत म्हणून. माणूस वर चढला की पाय फाकायला बघतात आणि दोरी ताणली जाते. आपल्या खुर्चीत त्या दोरीचं काम ती बाजूची आडवी पट्टी करते. म्हणजे साध्या सरळ पायांच्या खुर्चीत सांध्यावर जो जोर येतो तो मुख्यतः हेलकाव्याचा असतो, इथे मात्र तुम्ही नुसते शांत बसलात तरी पट्टीची कूस खाचेतून ओढली जात असते, प्रत्येक जेवणाला, प्रत्येक चहाला. खरखरीत जमीन किंवा जाड सतरंजी असेल तर पाय तिला धरून राहतात, थोडा जोर जमीन घेते. गुळगुळीत व्हिट्रिफाइड टाइल्सवर पाय काहीच धरत नाहीत, सगळा ताण एकट्या पट्टीवर. आणि मी शहाणीने फरशीवर ओरखडे नकोत म्हणून पायांखाली फेल्टच्या गोल चकत्या चिकटवल्या होत्या, म्हणजे जो काय थोडा घर्षणाचा आधार होता तोही काढून घेतला.

दुसरं कारण हवेतलं. साग स्थिर लाकूड म्हणतात आणि ते खरंच आहे, पण स्थिर म्हणजे अजिबात हलत नाही असं नाही. ओल्या लाकडापासून पार सुकेपर्यंत साग लाकडातल्या रेषांना समांतर दिशेने जवळपास काहीच आकसत नाही, आडवा मात्र कापाच्या दिशेनुसार साधारण अडीच ते साडेपाच टक्के आकसतो. घरातली खुर्ची एवढी टोकं गाठत नाही, पण पावसाळा ते उन्हाळा लाकडातली ओल सहा टक्क्यांनी खालीवर झाली असं धरलं तर 40 मिमी रुंद कूस साधारण अर्धा मिमी कमी-जास्त होते. पायाचं लाकूड कुशीच्या काटकोनात उभं, ते त्याच दिशेने हलत नाही. मग पावसात कूस फुगते, तिला जागा मिळत नाही, ती स्वतःच चेपली जाते आणि हे चेपणं कायमचं. उन्हाळ्यात आकसली की ती आधीपेक्षा बारीक. दर वर्षी थोडी थोडी. गोंदाचा थर या रस्सीखेचीत कधीच तडकलेला असतो. त्यावर रोजच्या पोछ्याचं पाणी, कारण पायाचं खालचं कापलेलं टोक म्हणजे लाकडाच्या नळ्यांची उघडी तोंडं, ते स्ट्रॉसारखं पाणी पितं. आमच्या चार खुर्च्यांचे पाय खालून दोन बोटं काळे पडले होते आणि मी त्याला इतकी वर्षं जुनेपणाचा रंग समजून कौतुक करत होते.

तर गोंद बदलून काही होणार नाही. जुन्या गोंदावर नवा गोंद तर धरतच नाही, पृष्ठभागावर आधीच प्लास्टिकसारखा थर असतो, नवा गोंद लाकडात शिरणार कुठून. सांधा पूर्ण उघडायला लागतो, दुसरा शॉर्टकट नाही, मी शोधून दमले.

उघडायचं कसं. आधी सीटची चौकट काढा, मग लांबीखाली लपवलेले स्क्रू शोधा, छोटं लोहचुंबक फिरवलं की सापडतात. एकही स्क्रू आत राहिला आणि तुम्ही ठोकलंत तर लाकूड फाटणार. प्रत्येक तुकड्यावर कागदी टेप लावून नंबर टाका, डावा-उजवा, वर-खाली सगळं. सगळं सारखंच दिसतं आणि काहीच सारखं नसतं. पांढरा गोंद असेल तर गरम व्हिनेगर सिरिंजने सांध्यात सोडा, अर्धा तास थांबा, परत सोडा, आणि हेअर ड्रायरने सांधा गरम करा, उष्णतेने तो मऊ पडतो. खूप जुनं काम असेल तर सरस (जनावरांच्या हाडाकातड्याचा जुना गोंद) असेल, तो नुसत्या गरम पाण्याला ऐकतो. मग लाकडाचा तुकडा मधे धरून हलक्या हाताने टकटक. हातोडी थेट खुर्चीवर नाही. निघत नसेल तर थांबा, चहा प्या, पुन्हा व्हिनेगर. आमचा एक सांधा दोन दिवसांनी निघाला.

निघाल्यावर कूस बघा. आमची कूस मधे निमुळती झाली होती, तोंडाशी चेपून चकचकीत, आणि तिच्यावर वेगवेगळ्या गोंदांचे थर, अगदी झाडाच्या वर्तुळांसारखे मोजता येतील असे, सगळ्यात आत सुतारकाकांचा तपकिरी सरस. हे सगळं धारदार पटाशीने खरवडून काढायचं, घासायचं नाही, पॉलिश पेपरने कुशीच्या कडा गोल होतात आणि मग ती अजून सैल. सगळं निघालं की नाही हे बघायला ओलं फडकं फिरवा, पांढरा गोंद जिथे उरलाय तिथे दुधट पांढरा दिसतो. खाचेच्या आत तेच करायचं आहे आणि ते काम कंटाळवाणं आहे.

आता कूस भरायची. सैल कुशीला काड्यापेटीच्या काड्या, सुताचे वेढे, भुसा आणि गोंदाची लापशी हे सगळे प्रकार लोक करतात, मला विचाराल तर यातला एकही टिकत नाही. सागाचे पातळ पापुद्रे काढा किंवा सागाचं व्हिनिअर आणा, कुशीच्या दोन्ही गालांवर (रुंद बाजूंवर) चिकटवा, रेषा कुशीच्या रेषांच्या दिशेने ठेवून. वाळल्यावर थोडं थोडं तासत खाचेत बसवून बघा. हाताने जोर लावून आत जायला हवी, हातोडी लागली तर जाड आहे, स्वतःच्या वजनाने घसरली तर पातळ. पाचरीने चिरलेली खाचेची भिंत आधीच चिकटवून शिकंजात (क्लॅम्पमध्ये) घालून ठेवा, नाहीतर नंतर पश्चात्ताप.

साग तेलकट. हे विसरलात तर सगळी मेहनत पाण्यात. चिकटवायच्या अगदी आधी दोन्ही पृष्ठभाग अ‍ॅसिटोनने पुसा, फडकं पिवळसर होतं ते ते तेल. दोनचार मिनिटं उडून जाऊ द्या आणि लगेच पंधरा-वीस मिनिटांत गोंद लावा, उद्यावर टाकलंत तर तेल परत वर येतं. गोंद म्हणून मी दोन ट्यूबवाला हळू वाळणारा इपॉक्सी वापरला कारण तो बारीक फटी भरतो. पाच मिनिटांत घट्ट होणारा नको, चार सांधे जुळवेपर्यंत पाच मिनिटं कुठे पुरतात.

आणि आता ती राहिलेली गोष्ट. ओढ सहन करायला नुसता गोंद नाही, आडवी खुंटी हवी. सासऱ्यांच्या ड्रॉइंगमध्ये खुंटी नव्हती. कूस खाचेत असताना पायातून आरपार भोक, त्यात लाकडी खुंटी, मग कूस बाहेर येऊच शकत नाही, गोंद राहो वा जावो. जुन्या वाड्यांच्या दारखिडक्यांत असल्या खुंट्या सगळीकडे दिसतील, त्यात नवीन काही नाही. मी 6 मिमीची ठेवली. यातली खरी खुबी अशी की पायातलं भोक आधी पाडायचं, मग कूस आत घालून त्या भोकातून तिच्यावर खूण करायची, कूस बाहेर काढायची आणि तिच्यावरचं भोक खुणेपासून साधारण 1 मिमी पट्टीच्या बाजूला सरकवून पाडायचं. म्हणजे खुंटी ठोकली की ती दोन भोकांना जुळवायला बघते आणि कूस स्वतःहून आत खेचली जाते. वेगळा शिकंजाही लागत नाही. दोन मिमी सरकवलंत तर कूस फाटेल, लोभ नको. खुंटी कुशीच्या रुंदीच्या मध्यावर, म्हणजे लाकूड दोन्ही बाजूंना हलायला मोकळं. खुंटीला मी बांबू घेतला, चिवट असतो, टोक जरा निमुळतं केलं आणि ठोकताना एका दमात आत गेली तेव्हा सांध्यातून इपॉक्सीचा एक बारीक मणी बाहेर आला आणि फट डोळ्यासमोर बंद झाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला या खुर्चीबद्दल समाधान वाटलं.

गोंद ओला असतानाच खुर्ची सपाट ग्रॅनाइटवर उभी करा, चारही पाय टेकतायत ना बघा, फ्रेमचे दोन्ही कर्ण टेपने मोजा. फरक असेल तर आत्ताच दोरी बांधून तिच्यात काठी घालून पीळ द्या, कर्ण सारखे होईपर्यंत. तिरक्या पायांवर शिकंजे घसरतात, दोरी बरी. मग चोवीस तास कोणी बसायचं नाही. आमच्याकडे यासाठी खुर्चीवर तुळशीची कुंडी ठेवायची धमकी द्यावी लागली.

एवढं करूनही एखादा पाय किंचित वर राहिला तर लगेच बाकीचे तीन कापायला जाऊ नका. दोन मांजरं, लोणी आणि माकडाची गोष्ट माहितीये ना, तीच गत होते, शेवटी खुर्चीचा पाट होतो. ग्रॅनाइटवर पॉलिश पेपर पसरा, त्यावर खुर्ची हलके पुढेमागे सरकवा, लांब पाय आपोआप घासला जातो आणि पायांच्या तळाचा कोनही जमिनीला बरोबर जुळतो. तो कोन महत्त्वाचा. पाय तिरका असल्यामुळे तळ तिरका कापलेला हवा, आमच्या खुर्च्या फक्त एका कडेवर उभ्या होत्या आणि म्हणूनच चकत्या दर महिन्याला सुटून फरशीवर सापडायच्या.

तळाला पातळ केलेलं पीयू (पॉलियुरेथेन, पाणी अडवणारं वार्निश) तीन-चार हात मारा, पहिला हात लाकूड पिऊनच टाकेल, तो मोजू नका. त्यावर फेल्टऐवजी कॉर्कची चकती, तळाच्या मापाने कापून. कॉर्क फरशीला थोडी धरते आणि ओरखडेही उठत नाहीत. खुर्ची ओढताना जरा जड जाते, घरचे कुरकुरतात, कुरकुरू द्या. पोछा मारायच्या आधी खुर्च्या टेबलावर उलट्या ठेवायच्या असा नियम केला होता, तो आठ दिवस टिकला.

वेताबद्दलही थोडं, कारण तीही वारंवारची तक्रार असते. सीट पुढच्या कडेला, त्याच त्याच भोकांशी तुटत असेल तर वेताला दोष देऊ नका. बोट घालून बघा, भोकाची आतली कड धारदार असेल. वेत तिथे वळतो, प्रत्येक वेळी कोणी बसलं की ती धार त्याला थोडं कापते. विणकर येतो, सुंदर विणून जातो, आणि वर्षाने त्याच जागी पुन्हा तुटतो. विणायच्या आधी पॉलिश पेपरची सुरळी करून प्रत्येक भोकाच्या दोन्ही तोंडांच्या कडा गोल करा, एका सीटला तासभर लागतो. वेत विणण्याआधी कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं भिजवायचा, जास्त नाही, आणि चकचकीत बाजू वर. वाळताना तो आकसतो आणि सीट डफासारखी ताणली जाते. न तुटता नुसती खोलगट झालेली सीट असेल तर विणकर बोलावायच्या आधी ती उलटी करून खालून गरम पाण्याचं फडकं अर्धा तास ठेवा आणि रात्रभर सावलीत वाळू द्या, बऱ्याचदा ती बरीचशी वर येते. खालूनच, कारण वरची बाजू गुळगुळीत, ती पाणी घेत नाही. एसीच्या खोलीत वेत कोरडा होऊन कडक पडतो, तिथे महिन्यातून एकदा खालून पाण्याचा फवारा पुरतो. प्लास्टिकचा वेत घालायचा मोह होतो, पण तो एकदा सैल पडला की पाण्याने परत ताणला जात नाही. आणि वेतावर उभं राहून पंखा पुसणाऱ्या माणसाला कोणताही उपाय नाही.

आजच्या टेबलाशी या खुर्च्या जुळतात का, तर आमच्या जुळत नव्हत्या. सीटची उंची 42 सेंमी, टेबल 76. मधे 34 चं अंतर, जेवताना खांदे वर चढायचे. सीटपासून टेबलाच्या वरच्या पृष्ठभागापर्यंत 28 ते 30 सेंमी असलं की हात बरोबर पडतो. लोक अशा वेळी खुर्चीच्या पायांना लाकडी ठोकळे लावतात. कृपा करून नको, पाय जेवढे लांब तेवढे फाकायचा जोर वाढतो आणि आपण आत्ताच बरा केलेला सांधा पुन्हा मरतो. आम्ही टेबल कापलं, प्लायचं होतं, त्याचं कोणाला काही वाटलं नाही, अडीच सेंमी खाली घेतलं आणि सीटवर पातळ कापसाची गादी टाकली जी बसल्यावर दीडेक सेंमी उरते. हातवाल्या खुर्चीचे हात टेबलाखालच्या पट्टीला आपटत असतील तर तेही आधीच मोजा. आमच्या हातवाल्या दोन आपटतात, म्हणून त्या सतरंजीवरच राहणार, जेवायला चार बिनहाताच्या.

पॉलिशबद्दल भांडण लावायचं नाहीये. मी अळशीचं उकळलेलं तेल पातळ करून दोन हात लावलं, कारण ओरखडा पडला तर तेवढ्याच जागी परत लावता येतं. लाखेचं पॉलिश दिसतं फार सुरेख पण जेवणाच्या खुर्चीला ओल्या हातांचे पांढरे डाग पडतात. तेलाची फडकी मात्र बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात, खरंच. उघडून तारेवर वाळत घाला.

तुमची खुर्ची खरोखर चंदीगडमधून आलेली असेल, पाठीमागे रंगाने किंवा कोरून लिहिलेली अक्षरं-आकडे असतील (कुठल्या कचेरीची, कितवी वगैरे), तर वरचं बरंचसं विसरा. ती अक्षरं घासू नका, इपॉक्सी वापरू नका, सरस वापरा म्हणजे पुढच्या माणसाला तो सांधा उघडता येईल, आणि नवीन भोकं तर अजिबात पाडू नका, आधी जाणकाराला दाखवा. 2011 पासून या वारसा फर्निचरच्या विक्रीवर आणि परदेशी पाठवण्यावर गृहमंत्रालयाचा निर्बंध आहे, तेव्हा कोणी घाईघाईने विकत मागत असेल तर आधी कागदपत्रं बघा. आमच्यासारखी नक्कल असेल तर निर्धास्त करवत चालवा.

चार खुर्च्यांपैकी तीन आता दोन उन्हाळे काढून बसल्यात. सांध्यांवर पेन्सिलच्या रेघा मी मुद्दाम तशाच ठेवल्यात, दर मार्चमध्ये टॉर्च घेऊन बघते, अजून जोडलेल्या आहेत. चौथीतून रेलल्यावर एक बारीक आवाज येतो, सांधे सगळे ठीक आहेत, तर बहुतेक पाठीच्या वेताच्या चौकटीचा एखादा स्क्रू असणार. तो मी दिवाळीनंतर, आवाज मोठा झाला की बघेन.